रिपोर्टमध्ये अँटीबॉडी आहेत, मग त्या बाहेरून टोचायच्या कशाला?

प्रश्न : मी ३३ वर्षांचा, अविवाहित. अडीच वर्षांपूर्वी एचआयव्हीचं निदान झालं. तेव्हापासून रोज एकच गोळी घेतो. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं आहेत. गेल्या तिन्ही तपासण्यांत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ‘आढळला नाही’ असाच आला. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या पहिल्या रिपोर्टवर ‘एचआयव्ही अँटीबॉडी : पॉझिटिव्ह’ असं लिहिलं होतं. अँटीबॉडी तर रोगाशी लढतात ना? त्या माझ्याकडे आहेतच, तर मग गोळी कशाला? त्यात आता वाचतो की एचआयव्हीवर अँटीबॉडीचं इंजेक्शन आलंय, सहा महिन्यांतून एकदा घेतलं की झालं. जे अंगात आहे तेच बाहेरून टोचून काय होणार? आणि होणार असेल तर गोळ्या थांबवून त्याची वाट पाहू का? मी दोघांबरोबर खोली घेऊन राहतो. त्यांना काही माहीत नाही. गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून ठेवतो आणि संशय नको म्हणून रोज सकाळी उपाशीपोटी त्यांच्यादेखत एक खरीखुरी मल्टिव्हिटॅमिनही तिच्यासोबत गिळतो. या नाटकाचा कंटाळा आलाय.

उत्तर : नमस्कार. तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीचे थोडे थांबू शकतात. गोळ्या थांबवून वाट पाहू नका. एक आठवडाही नाही. औषध बंद केलं की बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो, मग तो आधी कितीही वर्षं आढळला नसो. ‘औषधाला थोडे दिवस सुट्टी देऊ, सीडी-४ पेशी, म्हणजे एचआयव्ही ज्यांच्यात शिरतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी, उतरल्या की पुन्हा सुरू करू’ हा विचार एकेकाळी डॉक्टरांनीही रीतसर तपासून पाहिला होता. स्मार्ट नावाच्या त्या अभ्यासात ५,४७२ जण होते. सुट्टी घेणाऱ्या गटात एचआयव्हीमुळे होणारे गंभीर संसर्ग किंवा मृत्यू यांचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला आणि २००६च्या जानेवारीत औषधाची ती सुट्टी आवरती घ्यावी लागली.

थांबवण्यात आणखी एक गोम आहे. तुमच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही दोन औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. तो संसर्ग असलेल्या माणसाने गोळी अचानक सोडली तर यकृताची सूज उसळून येऊ शकते. तुमचा हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट फाइलमधून शोधून ठेवा. नसेल तर तपासणी करून घ्या. पुढे त्याचं काम पडणार आहे.

तुम्ही न विचारलेल्या एका गोष्टीवर मात्र मी पत्र वाचताना थबकलो : ती सकाळची मल्टिव्हिटॅमिन. डोल्युटेग्राविर हे कॅल्शियम, लोह, जस्त, मॅग्नेशियम यांना आतड्यातच चिकटून बसतं आणि रक्तात पुरेसं उतरत नाही. मल्टिव्हिटॅमिनसोबत घेतल्यास रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटतं. तुमचे रिपोर्ट चांगले आहेत, म्हणजे आजवर निभावलंय. पण संशय टळावा म्हणून औषधाचाच असर कमी करून घेणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. दोन्ही घ्यायच्याच असतील तर भरल्या पोटी, जेवणासोबत एकत्र घ्या. नाहीतर एचआयव्हीची गोळी व्हिटॅमिनच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. आम्लपित्तावरच्या ज्या औषधांत मॅग्नेशियम किंवा अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यांना जेवणाचीही सवलत नाही. तिथे हे दोन आणि सहा तासांचं अंतर पाळायलाच हवं. आणि डॉक्टरांनी सांगितलेली नसेल तर व्हिटॅमिन बंदच करा की! शिवाय त्या बाटलीवर व्हिटॅमिनचं नाव वाचून उद्या एखादा मित्र ‘मलाही एक दे’ म्हणाला तर काय करणार?

आता मुख्य प्रश्न. तो अगदी रास्त आहे आणि बऱ्याच जणांच्या मनात असतो. विचारत मात्र कोणी नाही.

संसर्गानंतर काही आठवड्यांत शरीर एचआयव्हीविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, बनवू लागतं. त्या भरपूर असतात आणि रक्तात सहज सापडतात, म्हणूनच तपासणीत त्यांचा शोध घेतला जातो. पण रिपोर्टमधलं ‘पॉझिटिव्ह’ एवढंच सांगतं की तुमच्या प्रतिकारशक्तीने हा विषाणू पाहिला आहे. तिने त्याला हरवलं, असा त्याचा अर्थ नाही. यातल्या बहुतेक अँटीबॉडी विषाणूच्या अशा भागांना चिकटतात की त्याचं काही अडत नाही : आतली प्रथिनं, फुटक्या विषाणूंचे तुकडे, आवरणावरचे निकामी अवशेष. विषाणूला खरोखर अडवायचं तर त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्याला धरावं लागतं, तेही नेमक्या जागी.

आणि तिथेच घोडं पेंड खातं. या काट्यात जीपी-१२० आणि जीपी-४१ नावाची प्रथिनं प्रत्येकी तीन असतात. जीपी-१२०च्या वजनाचा जवळपास निम्मा भाग साखरेच्या रेणूंचा आहे, आणि ही साखर विषाणूने आपल्याच पेशीकडून अंगावर चढवून घेतलेली असते. प्रतिकारशक्तीला ती परकी वाटतच नाही. सीडी-४ हे त्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, विषाणूची पहिली खुंटी. तिला पकडणारा जो भाग विषाणूला बदलून परवडत नाही, तो काट्याच्या खोलगट कोपऱ्यात दडलेला असतो. भरीस भर म्हणजे एका विषाणूवर असे काटे जेमतेम डझनभर, तेही एकमेकांपासून लांब. अँटीबॉडीला दोन हात असतात आणि एकाच वेळी दोन ठिकाणी पकडलं की तिची पकड घट्ट होते. एचआयव्हीवर मात्र एक हात बहुतेक वेळा मोकळाच राहतो.

इतकं असूनही शरीर काही कामाच्या अँटीबॉडी बनवतं. पण तोवर विषाणू बदललेला असतो. आपल्या जनुकांची नक्कल करताना एचआयव्हीचं एन्झाइम चुका तपासून दुरुस्त करत नाही, आणि औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला हजार कोटींच्या घरात नवे विषाणू तयार होतात. त्याची सगळी जनुकीय पोथी दहा हजारांहूनही कमी अक्षरांची. म्हणजे तिच्यातलं कोणतंही एक अक्षर बदललेला विषाणू रोज कुठे ना कुठे जन्माला येतोच. तुमच्या अँटीबॉडी कालचा फोटो हातात घेऊन आजचा चोर शोधत असतात.

याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २०१०मध्ये संशोधकांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या एका व्यक्तीच्या रक्तातून व्हीआरसी-०१ नावाची अँटीबॉडी वेगळी केली. ही व्यक्ती वैद्यकीय वाङ्मयात ‘दाता ४५’ या नावानेच ओळखली जाते. प्रयोगशाळेत या अँटीबॉडीने एचआयव्हीच्या सुमारे ९० टक्के नमुन्यांना निष्प्रभ केलं, कारण ती थेट त्या खोलगट कोपऱ्यात शिरते. पण त्याच दात्याच्या अंगातला विषाणू मात्र तोवर तिला चकवायला शिकला होता! म्हणजे जी अँटीबॉडी जगभरच्या इतर विषाणूंना भारी पडते, ती ज्याच्या अंगात तयार झाली त्याच्या कामी आली नाही. अशा बहुव्यापी अँटीबॉडी संसर्ग झालेल्या थोड्याच लोकांत तयार होतात, आणि त्यालाही वर्षं लागतात. बाहेरून टोचायच्या अँटीबॉडी म्हणजे अशाच निवडक रेणूंच्या कारखान्यात केलेल्या प्रती. तुमच्या रिपोर्टमधल्या आणि त्या वेगळ्या.

मग तुमची गोळी काय करते? विषाणूचा रस्ता असा : आधी तो सीडी-४ला चिकटतो, मग सीसीआर-५ किंवा सीएक्ससीआर-४ या दुसऱ्या खुंटीला, मग जीपी-४१च्या ओढीने दोघांची आवरणं एक होतात आणि आतला ऐवज पेशीत उतरतो. आत गेल्यावर आरएनएचा डीएनए बनवायचा, तो पेशीच्या डीएनएमध्ये टाचायचा, पेशीकडून नवी प्रथिनं बनवून घ्यायची, ती कात्रीसारख्या एन्झाइमने नीट तुकड्यांत कापायची आणि बाहेर पडायचं. औषधांचा इतिहास म्हणजे यातली एकेक पायरी बंद करत जाण्याचा इतिहास. १९८७मध्ये झिडोव्ह्युडिनने डीएनए बनवण्याची पायरी अडवली, १९९५मध्ये सॅक्विनाविरने ती कात्री, २००३मध्ये एन्फुव्हिरटाइडने आवरणं जुळणं, २००७मध्ये मॅराविरॉकने सीसीआर-५ आणि त्याच वर्षी राल्टेग्राविरने डीएनए टाचणं. तुमच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही डीएनए बनताना त्याच्या साखळीत खोटा मणी म्हणून शिरतात आणि साखळी तिथेच संपते. तरीही कुठे पूर्ण डीएनए बनलाच तर डोल्युटेग्राविर तो टाचू देत नाही.

ताकद आहे ती या एकत्र माऱ्यात. लॅमिव्ह्युडिन एकटं दिलं तर एका बदलाच्या जोरावर विषाणू काही आठवड्यांत त्याला जुमानेनासा होतो. तिन्हींना चकवणारे सगळे बदल एकाच विषाणूत एकाच वेळी जुळून येणं जवळपास अशक्य, आणि वाढच थांबली असेल तर बदल घडायला संधीही उरत नाही. १९९६च्या सुमारास तीन-तीन औषधं एकत्र देणं सुरू झालं आणि या आजाराचं चित्र पालटलं ते यामुळेच.

ही तिन्ही औषधं काम करतात पेशीच्या आत. अँटीबॉडीला ते शक्य नाही. डोल्युटेग्राविरच्या रेणूपेक्षा ती सुमारे साडेतीनशे पट जड असते, पेशीत अशी सहज शिरत नाही. तिचं कार्यक्षेत्र बाहेरचं : विषाणूवरचा काटा, नाहीतर आपल्याच पेशीवरच्या त्या खुंट्या. शिवाय ती प्रथिन आहे, गिळली तर डाळीसारखी पचून जाईल, म्हणून सुईच हवी. तिचे दोन हात लक्ष्याला धरतात आणि तिसरा भाग, म्हणजे तिचं देठ, दोन कामं करतं. एक, मारक पेशींना हाक मारतं, की इथे आजारी पेशी आहे, हिला संपवा. दुसरं मला जास्त गमतीचं वाटतं : रक्तवाहिन्यांच्या पेशी इतर प्रथिनांबरोबर अँटीबॉडीही गिळतात, पण हे देठ आत एका खास रिसेप्टरला धरून बसतं आणि पेशी तिला न पचवता पुन्हा रक्तात सोडून देते. म्हणून साधारण अँटीबॉडीचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे तीन आठवडे लागतात. देठातली दोन अमिनो आम्लं बदलली की ही पकड आणखी घट्ट होते आणि मुक्काम महिनोन्‌महिने लांबतो. ‘सहा महिन्यांतून एकदा’ या कल्पनेमागची खुबी ती हीच.

आज प्रत्यक्ष उपचारात असलेली अँटीबॉडी म्हणजे इबालिझुमॅब. तिला अमेरिकेत २०१८च्या मार्चमध्ये मान्यता मिळाली. ती विषाणूला हातच लावत नाही! ती आपल्या सीडी-४ला धरते, तेही विषाणू जिथे चिकटतो तिथे नव्हे, तर खालच्या बाजूला. विषाणू येऊन चिकटतो, पण पुढची वळणं-वाकणं त्याला जमत नाहीत आणि तो दारातच अडकून पडतो. सीडी-४चं शरीरातलं नेहमीचं काम वरच्या टोकाशी चालतं, ते बिनबोभाट सुरू राहतं. पण ही कोणासाठी? ज्यांच्या विषाणूवर बहुतेक औषधं चालेनाशी झाली आहेत, त्यांच्यासाठी. मान्यतेआधीच्या चाचणीत असे ४० जण होते. शिरेतून पहिला मोठा डोस, मग दर दोन आठवड्यांनी पुन्हा; सोबत इतर गोळ्या आहेतच. २५व्या आठवड्याला त्यांतल्या ४३ टक्के लोकांचा लोड ५०च्या (मिलिलिटरभर रक्तात विषाणूच्या ५० प्रती) खाली आला. ज्यांच्यापुढचे रस्ते बंद झाले होते त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट. तुमच्यासाठी मात्र एका गोळीऐवजी गोळ्या अधिक दर पंधरवड्याला सलाईन, असा हा व्यवहार ठरेल.

काट्यावर हल्ला करणाऱ्या बहुव्यापी अँटीबॉडी अजून अभ्यासाच्या टप्प्यात आहेत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात गोळ्या थांबवून काट्याच्या दोन वेगवेगळ्या जागा धरणाऱ्या दोन अँटीबॉडी जोडीने दिल्या. ज्यांचा विषाणू दोन्हींना दाद देणारा होता, त्यांच्यात तो साधारण २१ आठवडे दबून राहिला. नंतर बहुतेकांत परतलाच. तेही आधी कोणाचा विषाणू दाद देईल हे पाहून आणि सतत रक्ततपासणी करत. संसर्ग टाळण्यासाठी एकटी व्हीआरसी-०१ देऊन पाहणाऱ्या मोठ्या चाचण्यांचे निकाल २०२१मध्ये आले : एकूण संसर्ग काही लक्षणीय घटले नाहीत, जे विषाणू तिला सहज बळी पडणारे होते तेवढ्यांपासूनच सुमारे ७५ टक्के संरक्षण मिळालं. एकट्या शस्त्रावर हा विषाणू मात करतो, हे गोळ्यांच्या बाबतीत जे शिकलो तेच इथेही. म्हणून आता दोन अँटीबॉडी आणि जोडीला लेनाकापाविर हे दीर्घ मुदतीचं औषध, अशी सहामाही तिकडी तपासली जातेय. माझं मत विचाराल तर अँटीबॉडी भविष्यात येईल ती अशी कोणाच्या तरी जोडीने. गोळीला एकट्याने हटवेल असं वाटत नाही.

आणि तुम्ही वाचलेलं ‘सहा महिन्यांचं इंजेक्शन’ बहुधा अँटीबॉडी नव्हतंच. लेनाकापाविर हा रासायनिक रेणू आहे, विषाणूच्या आतल्या टरफलावर, म्हणजे कॅप्सिडवर, काम करणारा. उपचारासाठी त्याला अमेरिकेत २०२२च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली, तीही अनेक औषधांना न जुमानणाऱ्या विषाणूसाठी आणि इतर औषधांच्या सोबतीने. एचआयव्ही नसलेल्यांना संसर्ग होऊ नये म्हणूनही तेच दिलं जातं, आणि बातम्या देणारे या दोन गोष्टींची सर्रास खिचडी करतात.

तुमच्यासारख्या, लोड दबलेल्या माणसासाठी गोळ्यांऐवजी घेता येणारं इंजेक्शन आहे ते कॅबोटेग्राविर आणि रिल्पिविरिनचं. तेही अँटीबॉडी नव्हे. दर दोन महिन्यांनी नितंबांच्या स्नायूत दोन सुया. सगळीकडे मिळतंच असं नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा. इथे तो हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट लागेल, कारण या जोडीचा त्या विषाणूवर इलाज चालत नाही; तो संसर्ग असेल तर टेनोफोविर सोडून चालणार नाही. जुन्या तपासण्यांत या औषधांना प्रतिकार दिसला होता का, हेही ते पाहतील. आणि तारखा पाळणं जमणार असेल तरच त्या वाटेला जा. इंजेक्शन चुकलं तर औषध रक्तात महिनोन्‌महिने अपुऱ्या प्रमाणात रेंगाळतं, आणि विषाणूला प्रतिकार शिकायला तेवढं पुरतं.

तुमचं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा जाणवलं की तुम्हाला गोळीचा कंटाळा आलेला नाही, बाटलीचा आलाय. त्याला अँटीबॉडीची गरज नाही. गोळी रोज साधारण एका वेळी घ्यायची, पण सकाळीच आणि खोलीतच घ्यायला हवी असं कुठे आहे? दुपारी कामावर, डब्यासोबत घ्या. मूळ बाटलीतच ठेवा, तिच्यात ओल शोषणारी पुडी असते. ती बाटली कामाच्या ठिकाणी कुलपात राहू द्या आणि आठवड्याचा साठा तेवढा छोट्या कोरड्या डबीत काढा. वेळ बदलायची म्हणून मध्ये एक दिवस गाळू नका. पहिल्या दिवशी सकाळची थोडी उशिरा, दुपारी घेतली की झालं. खोलीतल्या दोघांना सांगायचं की नाही हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. सांगितलं नाही तरी तुम्ही त्यांच्यावर कसलाही अन्याय करत नाही. एकत्र राहण्या-जेवण्याने हा विषाणू पसरत नाही.

तुम्ही अविवाहित असल्याचं लिहिलंत म्हणून हेही सांगतो : लोड ‘आढळला नाही’ असा टिकून असेल तर शरीरसंबंधातूनही एचआयव्ही जोडीदाराला जात नाही. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात ७८२ समलिंगी पुरुष जोडपी होती, प्रत्येकात एकाला संसर्ग होता आणि त्याचा लोड दबलेला होता. कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून झालेला एकही संसर्ग सापडला नाही. त्याआधी स्त्री-पुरुष जोडप्यांतही हेच दिसलं होतं.

शेवटचं : लोड आढळत नाही म्हणून कुतूहलापोटी पुन्हा अँटीबॉडी टेस्ट करायला जाऊ नका. ती जवळजवळ नक्कीच पॉझिटिव्ह येईल आणि उगाच जीव टांगणीला लागेल. विषाणू दबला तरी त्याची ओळख प्रतिकारशक्ती विसरत नाही, आणि काही विषाणू झोपलेल्या सीडी-४ पेशींत दडून असतोच; तिथे त्याचा काटा पृष्ठभागावर येत नाही, त्यामुळे कोणत्याच अँटीबॉडीला तो दिसत नाही. औषध चालतंय की नाही हे सांगते ती व्हायरल लोडची तपासणी. तुम्ही सकाळच्या गोळीसोबत मल्टिव्हिटॅमिन घेत होतात हे डॉक्टरांना सांगा आणि ती तपासणी या वेळी थोडी लवकर करायची का, तेही विचारा.